सिगारची पेटी आणि कापसातला ओलावा

पोस्ट लांब आहे. कापूस घरात भरून ठेवलेला असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

यवतमाळात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. बंद पडलेल्या फ्रिजचं लोक काय काय करतात ते या काळात पाहून झालं. कोणी त्यात बियाण्याच्या पिशव्या ठेवतो, कोणी घरच्या रजिस्ट्रीचे कागद. एका पानठेलेवाल्याने तर फ्रिज आडवा पाडून त्याचं बर्फाचं पेटारं केलंय. पण गेल्या दिवाळीच्या आधी जे काम आलं तसं आधी कधी आलं नव्हतं. ओळखीचे एक बांधकामवाले शेठ गाडीत गुडघ्याएवढा फ्रिज घालून आले. काचेचं दार, आत निळा लाइट, आडव्या जाळ्या. वाईन ठेवायचा फ्रिज. पोराने पुण्याहून भेट दिलेला.

म्हणाले, "भाऊ, वाईन काही आपल्याले झेपत नाही. डबा नुसता पडून राह्यते. याच्यात सिगार ठेवता येईन असं करून द्या."

सिगार म्हणजे इंग्रजी सिनेमातली जाड काडी, एवढंच मला माहीत होतं. मी खर्राही खात नाही, आणि आपल्या भागात खर्र्याने किती तोंडं उघडेनाशी झाली ते पाहतो, त्यामुळे तंबाखूचं कौतुक करायला ही पोस्ट नाही. पण काम यंत्राचं होतं आणि यंत्राचं काम मी सोडत नाही.

तर सिगार म्हणजे अख्खी तंबाखूची पानं गुंडाळून केलेली वळकटी. कागद नाही, फिल्टर नाही. पान वाळवलेलं, मुरवलेलं असलं तरी हवेशी त्याचं देणंघेणं सुरूच असतं. हवा कोरडी झाली की ते आपलं पाणी सोडतं, वरचं पान तडकतं. हवा दमट झाली की पाणी ओढतं आणि बुरशी धरतं. म्हणून ते ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि १८ ते २० अंशांत ठेवतात. पंचविशीच्या वर तापमान गेलं की तंबाखूत असलेली किड्यांची अंडी फुटतात आणि महिनाभरात सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो आणि हवेत ओल अशी उरतच नाही, तर ऑगस्टमध्ये भिंतीला पापड लावला तर मऊ पडतो. म्हणजे त्या पेटीला निम्मं वर्ष ओलावा द्यायचा आणि निम्मं वर्ष काढून घ्यायचा.

साधा फ्रिज या कामाचा नाही. त्याची आतली कॉइल इतकी थंड असते की हवेतलं पाणी तिच्यावर जमून बर्फ होतं. कोथिंबीर उघडी ठेवली की दोन दिवसांत का सुकते, त्याचं उत्तर हेच. वाईनचे छोटे फ्रिज बरेचदा वेगळ्या जातीचे असतात, त्यात कॉम्प्रेसर नसतो. पेल्टिये नावाची बिस्किटाएवढी चकती असते, तिच्यातून वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते. बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली नेण्याची तिची ताकद, त्याहून फारशी नाही. शेठना सांगितलं, हा डबा एसीच्या खोलीतच ठेवा. मेमध्ये ओसरीवर ठेवला तर सिगारची भाजी होईल.

बाकी काम सोपं होतं. आत खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून नव्या प्लास्टिकचा वास काढला. खाली पाणी निघायचं भोक असतं, ते बुजवलं. दाराचा रबर तपासला: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची, सहज निघाली तर रबर गेला. जाळ्या काढून लाकडी फळ्या बसवल्या. शेठना इथलं सागवान चालेना, त्यांनी 'स्पॅनिश सीडर' मागवलं होतं. मी वाचून काढलं तर ते लाकूड स्पेनचंही नाही आणि देवदारही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे आणि ते निघालं आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं! धान्याच्या कोठीत निंबाचा पाला टाकणाऱ्या आमच्या आईला हे कोणी सांगायची गरज पडली नसती. आर्द्रतेसाठी पुड्या मिळतात, ज्या कोरड्या हवेत पाणी सोडतात आणि दमट हवेत ओढून घेतात. आणि आत दोन छोटे डिजिटल आर्द्रतामापक ठेवले, एक वरच्या फळीवर, एक खालच्या.

दोन्हींचे आकडे जुळेनात. वरचा ६८ सांगे, खालचा ६४. शेठ डोळे बारीक करून म्हणाले, "मीटर खरं बोलते कशावरून?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. पोस्ट त्याच्याचसाठी लिहिली आहे.

त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठाच्या आसपासची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. यवतमाळात ठेवा की क्युबात, खोली वीस अंशांची असो की तीस, फरक नगण्य. मीठ कोणत्याही कंपनीचं असलं तरी तेच. सकाळी पाहिलं तर वरच्या मापकावर ७५ होतं, खालच्यावर ७१. खालच्याला मागून चिठ्ठी चिकटवली: अधिक ४. शेठ खूश. सिगार आत गेल्या.

आता कापसाकडे येतो.

राळेगाव तालुक्यात आमचं गाव. शेती मोठेबाबा पाहतात, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, वय शहात्तर. २०२५ च्या सप्टेंबरात पावसाने काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे, खालची बोंडं सडली. जे हाती आलं त्यातला वीस क्विंटल कापूस डिसेंबरात ट्रॉलीत भरून हमीभावाच्या केंद्रावर नेला. ॲपवर नोंदणी, टोकन, सगळं रीतसर. मी सोबत होतो. सकाळी आठला रांगेत लागलो, नऊच्या सुमारास नंबर आला. रात्री दव पडलेलं, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते. ग्रेडरने ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे ताडपत्री टेकली होती तिथेच, मीटरची टोकं खुपसली. १३.२. "बाबा, ओला आहे, परत न्या."

मोठेबाबांनी विचारलं, "साहेब, मधात एकडाव लावून पाहा ना. अन् हे मीटर बरोबर हाये कशावरून?"

"मशीन आहे बाबा. मशीन खोटं बोलत नाही."

शेठच्या प्रश्नाला मी रात्रभर मिठाची पिशवी बांधून उत्तर दिलं होतं. तोच प्रश्न, तोच अर्थ, पण इथे उत्तर एका वाक्यात संपलं, कारण मागे चाळीस गाड्या उभ्या होत्या.

दुपारी अडीचला तोच कापूस, तीच ट्रॉली, एका खाजगी जिनिंगवर ११.४ भरली. तिथे विकली, हमीभावाच्या खाली. ग्रेडर खोटा आणि जिनिंगवाला खरा असं मी म्हणत नाही. मधल्या काळात ऊन पडलं होतं, ताडपत्री उघडी होती, दव उडालं असणार. कापूसही हवेशी तोच व्यवहार करतो जो तंबाखूचं पान करतं. सकाळी आठचा कापूस आणि दुपारी दोनचा कापूस, वरच्या थराला तरी एक नसतो. प्रश्न असा आहे की दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक उन्हाने पडला, जागेने पडला की मीटरने पडला, हे ठरवायची काहीच सोय त्या अंगणात नव्हती.

आणि टक्का म्हणजे काय चीज आहे, त्याचा हिशोब पाहा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. सीसीआय पूर्ण भाव देते तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्याच्या वर दर टक्क्याला भावातून एक टक्का जातो, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ८१ रुपये. १२ ला पोचलात की ३२४ गेले, वीस क्विंटलवर साडेसहा हजारांच्या घरात. इथपर्यंत निदान उतरंड आहे. १२ च्या पुढे मात्र थेट दरी: खरेदीच नाही. मग बाहेर जो भाव मिळेल तो घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं ते डिसेंबरअखेरपर्यंत उठलेलंच होतं, त्यामुळे बाहेर काय मिळत होतं हे वेगळं सांगायला नको. क्विंटलमागे हजाराचा जरी फरक धरला तरी वीस क्विंटलला वीस हजार. माझ्या खालच्या मापकात चार आकड्यांची चूक होती आणि त्याने शेठच्या सिगारचं फार तर एक पान तडकलं असतं. इथे एका आकड्यात एका कुटुंबाचा खताचा आणि फवारणीचा खर्च आहे.

ओलाव्याची अट मुळात चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ओला कापूस जिनिंगमध्ये नीट पिंजला जात नाही, सरकी तुटते, गाठ बांधली तर आत पिवळी पडते, गंजी तापते. आणि वजनासाठी पाणी मारणारेही आपल्यातच आहेत, ते नाकारून कसं चालेल.

पण मीटर कसं मोजतं हे एकदा समजून घ्या. बहुतेक मीटरला दोन टोकं असतात. त्यांच्यामधून बारीकशी वीज सोडतात. कोरडा कापूस वीज अडवतो, ओला सोडतो. किती अडवली त्यावरून मशीन टक्के काढतं. म्हणजे मशीन पाणी मोजतच नाही, वीज मोजतं आणि पाण्याचा अंदाज सांगतं. त्यामुळे मूठ किती आवळली, टोकं किती खोल गेली, टोकांवर आधीच्या गाडीची ओल किंवा कचरा राहिला का, कापूस उन्हाने तापलेला आहे का, बॅटरी उतरली का, या प्रत्येकाने आकडा हलतो. सैल कापसात कमी, दाबून धरला तर जास्त. ज्याला मल्टिमीटर वापरायची सवय आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात नाही तर कापडाच्या धंद्यातल्या एका मित्राकडून कळली. ओलाव्याचे टक्के दोन पद्धतींनी काढतात. शंभर किलो कापसात बारा किलो पाणी असेल तर एका पद्धतीने ते १२ टक्के. दुसऱ्या पद्धतीत पाण्याला कोरड्या मालाने भागतात, बारा भागिले अठ्ठ्याऐंशी, म्हणजे १३.६. सूतगिरण्यांच्या व्यवहारात ही दुसरी पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. पाणी तेवढंच, पण एका आकड्याला गाडी आत जाते आणि दुसऱ्याला परत फिरते. तेव्हा मीटर कोणत्या पद्धतीने बोलतं, हे त्याच्यावर लिहिलेलं असायला काय हरकत आहे?

दर हंगामात आपले पुढारी मागणी करतात की १२ ची मर्यादा वाढवा. २०२४ च्या नोव्हेंबरात निवडणुकीच्या तोंडावर सोयाबीनची मर्यादा १२ वरून १५ केलीही होती. कापसालाही करा, आनंदच आहे. पण मर्यादा १५ केली आणि मीटर दोनने चुकत असलं तर भांडण फक्त १२ वरून १५ वर सरकतं. मर्यादेची घोषणा पेपरात येते, फोटोसकट. मीटर तपासल्याची बातमी येत नाही, म्हणून ती मागणी कोणी करत नाही.

काटा पाहा. वजनकाट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, ठरलेल्या मुदतीत पडताळणी करून घ्यावी लागते. भाजीवालीच्या तराजूलाही तोच नियम. काट्यावर शंका आली तर बाजूला वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाहता येतं. म्हणजे शेतकऱ्याला काट्याला प्रश्न विचारायची रीत आहे, आणि ती आपल्या बापजाद्यांनी भांडून मिळवलेली आहे. ओलाव्याच्या मीटरवर तसला शिक्का मी आजवर ज्या अंगणांत उभा राहिलो तिथे पाहिलेला नाही. आणि पैसे तर दोन्हींनी कापले जातात, काट्यानेही आणि मीटरनेही.

यावर उपाय महाग नाही. अशा मीटरची तपासणी ठरावीक रोध असलेल्या ठोकळ्याने करता येते. टोकं त्यावर टेकवली की ठरलेला आकडा आला पाहिजे. हे रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी, हजर असलेल्या शेतकऱ्यांसमोर करा आणि आकडा फळ्यावर लिहा. पाच मिनिटांचं काम. दुसरं, ट्रॉलीत एकाच कोपऱ्यात टोकं खुपसू नका, वर, मध्ये आणि खोलात घेऊन सरासरी काढा, आणि तिन्ही आकडे पावतीवर येऊ द्या, गाडी परत पाठवली तरी पावती द्या. आज परत पाठवलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, तो भांडणार कशाच्या जोरावर? आणि वाद झालाच तर शेवटचा शब्द ओव्हनचा असावा. नमुना तोलायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचा, परत तोलायचा, जे वजन गेलं ते पाणी. यात अंदाज नाही, वीज नाही, मूठ नाही. असा ओव्हन आणि बारीक काटा कृषी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असतोच. प्रत्येक केंद्रावर नको, बाजार समितीमागे एक ठेवा. वाद असलेल्या गाडीचा दोन पिशव्या नमुना सील करा, एक शेतकऱ्याच्या हातात द्या.

आमदार, बाजार समितीचे संचालक, शेतकरी संघटनांचे लोक ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या बैठकीत मर्यादेचा विषय काढाल तेव्हा त्याच कागदावर मीटरचंही लिहा. ठोकळा दाखवायला मी येतो, दुकान एक दिवस बंद ठेवून.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात कापूस भरून आहे त्यांच्यासाठी, शेठच्या पेटीतून शिकलेली एक गोष्ट सांगतो. बंद डब्यात हवा जशी मिठाच्या मनासारखी होते, तशी ती कापसाच्याही मनासारखी होते. झाकण घट्ट बसणारा पाच किलोचा प्लास्टिकचा डबा घ्या. गंजीच्या मधला, वरचा नव्हे, कापूस काढून डबा गच्च भरा. त्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. हा दोन-चारशे रुपयांत मिळतो. आधी मिठाच्या पिशवीत त्याची परीक्षा घ्या. डबा सावलीत ठेवा आणि चार-पाच तासांनी पाहा. आकडा ६५ च्या आसपास असेल तर गाडी भरा. ७५ च्या वर असेल तर कापूस पातळ पसरून ऊन दाखवा आणि परत डबा भरा. हा आकडा केंद्रावरच्या टक्क्यांसारखा नाही, तो डब्यातल्या हवेचा आहे, तेव्हा ग्रेडरशी त्यावरून हुज्जत घालू नका. पण भाड्याची ट्रॉली करून चाळीस किलोमीटर जायचं की नाही, हे घरीच ठरवता येतं. आणि निघाल तेव्हा ताडपत्री कापसावर टेकणार नाही अशी बांबूवर ताणून बांधा, पहाटेऐवजी उशिराचं टोकन मिळत असेल तर ते घ्या.

गावात असे सहा डबे दिले आहेत. पाच घरांत काम चांगलं चाललंय. सहावा डबा मोठेबाबांकडे आहे आणि त्यांचा आकडा काही केल्या जुळत नाही, कारण "पाहू तं दे काय झालं" म्हणून ते दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात.